इस्राएलची मुलं आपल्या घरी येतायत

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात पंधरा ते सतरा वयाच्या ज्यू मुलामुलींचा एक गट सोलापुरात राहायला येतो आहे. काही मुलं इस्राएलची, काही अमेरिकेतली. मुंबई, अलिबाग, पुणे पाहून ती गुरुवारी इथे पोचतील, इथल्या एका शाळेतल्या मुलांच्या घरी उतरतील आणि रविवारी सकाळी परत जातील. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, आणि माझं लहानपण पनवेलला एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, कुटुंबाच्या भिंतीला भिंत लावून गेलं. हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असल्यामुळे या महिन्याच्या टपालात बहुतेक पत्रं याच विषयाची आली. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत, ते पुढच्या अंकात घेईन.

बाई, नमस्कार. माझी नात त्या शाळेत आहे. ही मुलं म्हणे वारसा शोधायला येतात. परदेशी ज्यू पोरांचा वारसा महाराष्ट्रात कुठून आला? आणि आला तरी सोलापुरात काय आहे त्यांचं?
– निवृत्त गिरणी कामगार, साखर पेठ

काका, इस्राएलहून येणाऱ्या मुलांपैकी बरीचशी बेने इस्राएल घरांतली आहेत. त्यांची आडनावं ऐकलीत तर तुम्ही त्यांना परदेशी म्हणणार नाही. रोहेकर, पेणकर, दिवेकर, केहिमकर, अष्टमकर, चेऊलकर. रायगड जिल्ह्याचा नकाशा पुढ्यात घेतला तर यातली बरीचशी गावं बोटाने दाखवता येतात. त्यांच्या परंपरेत अशी कथा आहे की फार जुन्या काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. पोथ्या समुद्रात गेल्या. राहिलं ते तोंडपाठ होतं तेवढं: 'शमा' ही प्रार्थना, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शनिवारची सुट्टी. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले, आणि शनिवारी घाण्याला बैल जुंपायचे नाहीत म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. शेकडो वर्षं ते मराठीच बोलले. त्यांच्या बायका नऊवारी नेसल्या, मंगळसूत्र घातलं, लग्नात हिरवा चुडा भरला.

इंग्रजांच्या काळात ही माणसं पलटणीत, रेल्वेत, टपाल खात्यात, कचेऱ्यांत शिरली. मुंबईचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर या कंपनीच्या फौजेतल्या माणसाने बांधलं. टिपूच्या कैदेतून जिवंत सुटल्याचा नवस म्हणून बांधलं, असं सांगतात. लोक त्याला मशीदच म्हणत, आणि मध्य रेल्वेच्या मस्जिद स्टेशनचं नाव त्याच्यावरून पडल्याचं मानलं जातं. कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड याच समाजातल्या, जुन्या हिंदी सिनेमातले चाचा डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकरही याच समाजातले. १९४८ साली इस्राएल झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक घरं तिकडे गेली. दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेवा अशा गावांत वसली. तिथे त्यांचं सगळं सुखात झालं असंही समजू नका. तुम्ही पुरते ज्यू आहात का, अशी शंका तिथल्या धर्मपीठाने घेतली. त्याविरुद्ध या मराठी माणसांनी धरणं धरलं, आंदोलन केलं, आणि १९६४ मध्ये ती शंका मागे घ्यायला लावली. आज येणारी मुलं त्या आंदोलकांची नातवंडं-पतवंडं आहेत.

आता सोलापूर. गटातल्या एका मुलीचे पणजोबा रेल्वेत होते आणि काही वर्षं सोलापूरला नेमणुकीवर होते, एवढं तिच्या घरात ऐकिवात आहे. पण मला विचाराल तर तेवढं कारणही लागत नाही. अलिबागच्या इस्राईल आळीत त्यांना पूर्वजांचं सिनेगॉग दिसेल, नवगावला स्मारकाचा खांब दिसेल. आजी ज्या भाषेत त्यांना जेवायला बोलवायची, रागवायची, ती भाषा रिक्षात, बाजारात, शाळेच्या मधल्या सुट्टीत कशी चालते, ते त्यांना आपल्याकडे ऐकायला मिळेल. आणि इथे ती भाषा कानडी, तेलुगू, उर्दूच्या शेजारी कशी नांदते, हेही त्यांना कळेल. त्यांच्या आजीनेही ती हिब्रूच्या शेजारी अशीच नांदवली.

एक गोष्ट मात्र शाळेने जरूर करावी. आपल्याकडे करडईचं आणि शेंगदाण्याचं तेल काढणारे लाकडी घाणे पुन्हा सुरू झाले आहेत. त्यातला एखादा या मुलांना दाखवा. शनिवार तेली हे शब्द त्यांनी शंभरदा ऐकले असतील, घाणा फिरताना बहुतेकांनी पाहिलेला नसेल. दुसरं असं की पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे आणि इथे कीर्तनकारांची वाण नाही. १८८० च्या सुमारास बेने इस्राएल मंडळींनी मराठीत कीर्तनं करायला सुरुवात केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, आपल्याच ओव्या-आर्यांच्या चालीवर, टाळाच्या साथीने. एखाद्या कीर्तनकार बुवांना तासभर बोलवा. बुवांनी पूर्वरंग आपला करावा, आणि त्या मुलांपैकी कुणाला आजीकडून आलेली एखादी ओळ आठवली तर तिला म्हणू द्यावी.

ताई, आमच्याकडे दोन मुली उतरणार आहेत. आम्ही लिंगायत, घरात शाकाहारच असतो. तरी त्यांचे खाण्याचे नियम फार कडक असतात असं ऐकलं. शिवाय शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ त्या काहीच करत नाहीत म्हणे. मला दडपण आलं आहे.
– विजापूर रोड

शाकाहारी घर म्हणजे तुमचं निम्मं काम आधीच झालेलं आहे. त्यांच्याकडे मांस आणि दूध एकत्र चालत नाही, डुक्कर चालत नाही, खवले नसलेले मासे, कोळंबी, खेकडे चालत नाहीत, आणि प्राणी त्यांच्या पद्धतीने कापलेला लागतो. तुमच्या ताटात यातलं काहीच येणार नाही. अडचण आली तर भांड्यांची येते. फार काटेकोर पाळणारी मुलगी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातल्या वापरलेल्या भांड्यात शिजवलेलं खात नाही. म्हणून आधी त्यांच्या गटप्रमुखांना फोन करा आणि दोघी किती पाळतात ते सरळ विचारा. एकाच गटात एक मुलगी सगळं पाळणारी आणि दुसरी काहीच न पाळणारी असते, आणि दोघी ज्यूच असतात. काटेकोर असली तर एक पातेलं, एक तवा, दोन ताटं नवी आणा. पालेभाजी निवडताना आणि पीठ चाळताना किडा-अळी राहू देऊ नका, याबद्दल ते फार जागरूक असतात.

आणि जानेवारी आहे, तर हुरडा आहे! शेतात आगटी पेटवायची, कणसं निखाऱ्यावर भाजायची, हातावर चोळायची आणि शेंगाचटणीबरोबर खायची. यात भांडं येतच नाही. जिथे ताट-पातेल्याचाच प्रश्न पडतो तिथे याच्याइतकी निर्वेध मेजवानी दुसरी नाही. चटणी नव्या खलबत्त्यात कुटलीत की झालं. फक्त हे गुरुवारी किंवा शुक्रवारी दुपारच्या आत उरका.

कारण शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस, लागतो. त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो, म्हणजे पावणेसहाला त्यांच्या मेणबत्त्या लागलेल्या असतील. तिथून शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसेपर्यंत पाळणारा माणूस विस्तव पेटवत नाही, दिव्याचं बटण दाबत नाही, फोनला हात लावत नाही, गाडीत बसत नाही. म्हणूनच तर हा गट शनिवारी सोलापुरातच थांबतो आहे. तुम्ही न्हाणीघरातला आणि जिन्यातला दिवा रात्रभर चालू ठेवा, शनिवारचं जेवण शुक्रवारीच करून ठेवा, आणि मुलींना "दिवा लाव गं" म्हणू नका. एवढंच.

पनवेलच्या आमच्या शेजारच्या मावशींकडे शुक्रवारी दुपारपासून नुसती घाई असायची. नारळाचं दूध काढलेलं असायचं, कारण मटणाच्या रश्श्यात गाईचं दूध-दही चालत नाही. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत केलेलं असायचं. इतर देशांतले ज्यू जिथे द्राक्षाची दारू घेतात तिथे कोकणातले हे लोक मनुकांचं सरबत घेऊन आशीर्वाद म्हणत. मग मावशी न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला (पवित्र वचनं ठेवलेल्या छोट्या डबीला) बोटं लावून ती ओठांना लावत आणि दिवा लावत. आमची आई शनिवारी त्यांच्याकडे विस्तव मागायला आम्हाला कधी पाठवायची नाही. कुणी समजावून सांगितलं नव्हतं, आम्हालाही माहीत होतं. त्यांच्या नव्या वर्षाला आमच्या घरी चिकाचा हलवा यायचा, गव्हाच्या चिकाचा, नारळाच्या दुधातला, आणि आमच्या दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे जायचा. एलियाहू हनाबी या त्यांच्या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा केला की पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळांचं ताट यायचं. तुम्ही त्या मुलींना गूळपोहे करून घाला, आणि त्यांचे चेहरे बघा.

हो, ओवाळण्याचं आधी विचारून घ्या. मूर्तीपूजा त्यांच्याकडे पूर्ण निषिद्ध आहे, त्यामुळे कुंकू लावणं, आरती, देवापुढचा प्रसाद याने काहींना अवघड होतं. गजरा कुणालाही चालतो. सिद्धेश्वरला घेऊन गेलात तर तळं, मंदिर, गड्डा यात्रेची तयारी जरूर दाखवा, हात जोडायला सांगू नका.

आमच्या दारावर पितळी स्वस्तिक आहे, उंबऱ्यावर रोज रांगोळीत स्वस्तिक असतं, सासूबाईंनी फ्रीजवरसुद्धा काढलंय. मुलगा म्हणतो हे सगळं काढून टाक, त्यांना हिटलर आठवेल. सासूबाई म्हणतात आपल्या घरात आपला शुभ शकुन का पुसायचा. मी कुणाचं ऐकू?
– जुळे सोलापूर

हे पत्र मी बराच वेळ पुढ्यात ठेवून बसले होते. सासूबाईंचं दुखणं मला कळतं आणि मुलाचं मन किती जागं आहे हेही दिसतं. असा मुलगा घरात असणं हे तुमचं भाग्य आहे.

आपल्याकडे स्वस्तिक वहीच्या पहिल्या पानावर, गिरणीतल्या मागावर, नव्या गाडीवर, लग्नपत्रिकेवर असतं. हजारो वर्षांचं आहे, जैनांचं आहे, बौद्धांचंही आहे. हिटलरच्या पक्षाने १९२० मध्ये आपल्या झेंड्यावर एक वाकडं, काळं, तिरपं चिन्ह घेतलं, १९३५ मध्ये तो जर्मनीचा एकमेव राष्ट्रध्वज झाला, आणि त्या झेंड्याखाली साधारण साठ लाख ज्यू माणसं मारली गेली. त्यात लहान मुलंच लाखांनी होती. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या ज्यू घरातलं मूल म्हणजे ज्या घरात कुणाची पणजी, कुणाचे चार काका परत आले नाहीत असं घर. त्या मुलाला आपल्या चिन्हाचा अर्थ डोक्याने कळेल. पण प्रवासाने दमून, अंधारात, अनोळखी दारात उभं असताना ते अचानक समोर आलं तर आधी पोटात गोळा येईल, अर्थ नंतर.

तेव्हा माझं मत असं. पुसू नका आणि अचानक समोरही आणू नका. मुलं सोलापूरला पोचायच्या आधीच शाळेने गटप्रमुखांना कळवावं की इथे घरोघरी हे चिन्ह दिसेल, त्याचा अर्थ हा, आणि दोन-चार दारांचे फोटो पाठवावेत. म्हणजे पहिला धक्का त्यांच्या आपल्या माणसांच्या सोबतीत बसेल. २००८ साली जेरुसलेमला हिंदू आणि ज्यू धर्मगुरूंची परिषद झाली होती. तिथल्या जाहीरनाम्यात ज्यू धर्मगुरूंनीच स्वस्तिक हे हिंदूंचं प्राचीन मंगलचिन्ह असल्याचं मान्य केलं आहे. सासूबाईंना हे सांगा, त्यांना बरं वाटेल.

मग मुली घरी आल्या की सासूबाईंनीच त्यांना दारापाशी नेऊन सांगावं. त्यांनीच, तुम्ही नाही. मी हे कधीपासून काढते, कुणी शिकवलं, कुठल्या दिवशी काढते. भाषांतर तुमचा मुलगा करेल. ऐकून झाल्यावर त्या मुलींना काय सांगायचं असेल ते सासूबाईंनी तितक्याच शांतपणे ऐकावं. कदाचित एखादीच्या पणजीची गोष्ट निघेल. ती ऐकताना "पण आमचं वेगळं आहे" असं मध्ये म्हणू नये. ते सांगून झालेलं आहे.

दारावरचं दारावर राहू द्या. पण त्यांच्या हातात जाणाऱ्या कुठल्याही वस्तूवर ते नको. स्वागताचं कार्ड, ओटीचा नारळ, भेटीचा कागद, त्यांच्या खोलीची भिंत, यावर काढू नका. त्यांची खोली तेवढे दिवस त्यांचं घर आहे. उंबऱ्यावर त्या दिवसांत सासूबाईंनी गोपद्म, कमळ, ठिपक्यांची रांगोळी काढली तर शकुनाला काही कमी पडणार नाही, आणि त्या मुलींना शेजारी बसून ठिपके द्यायला शिकवता येईल. पण हे त्यांनी आपणहून ठरवावं, मुलाने रागवून ठरवू नये.

बाई, मी दहावीत आहे. आमच्याकडे एक मुलगा राहणार आहे. आमच्या वर्गात काहीजण म्हणतात हिटलर कडक होता पण देशभक्त होता. माझा जिवलग मित्र मुस्लिम आहे, तो म्हणतो गाझात एवढी माणसं मारली, मी नाही येणार त्यांना भेटायला. मी काय करू? त्या मुलाला युद्धाबद्दल विचारू का?
– एक विद्यार्थी, अशोक चौक

बाळा, तू एका पत्रात तीन अवघड गोष्टी विचारल्यास.

हिटलरचं आधी. आपल्याकडे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर त्याचं आत्मचरित्र मराठीत मिळतं, शिस्तीच्या मास्तरांना पोरं 'हिटलर' म्हणतात, आणि "त्याच्यासारखा माणूस पाहिजे" हे वाक्य शिकलेल्या घरांतही ऐकू येतं. हे मला आयुष्यभर खुपलं आहे. ज्याने आपल्याच देशातले डॉक्टर, शिक्षक, दुकानदार, सैन्यात लढून पदकं मिळवलेले जुने सैनिक हे केवळ ज्यू म्हणून वेगळे काढले, त्यांचे हक्क काढून घेतले आणि शेवटी त्यांना विषारी वायूच्या खोल्यांत घातलं, त्याने देशावर कसलं प्रेम केलं? वर्गात असं कुणी बोललं तर तू एवढंच विचार. मुलं यायच्या आधी तुमच्या इतिहासाच्या सरांना या विषयावर एक तास घ्यायला सांग. पाहुणे आल्यावर त्यांच्या तोंडावर हे वाक्य पडायला नको.

आता तुझा मित्र. त्याला ओढून नेऊ नकोस, आणि त्याच्याशिवाय कार्यक्रम ठरवूही नकोस. त्याच्या मनात जे आहे ते खरं आहे. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्राएलमध्ये साधारण बाराशे माणसं मारली, त्यानंतर गाझात हजारो लहान मुलांसह कितीतरी हजार माणसं गेली. दोन्हीकडच्या मेलेल्यांबद्दल वाईट वाटायला कुठल्याही धर्माची परवानगी लागत नाही. त्याला एवढं मात्र सांग की येणारा मुलगा सोळा वर्षांचा आहे. सरकार त्याने निवडलेलं नाही. अमेरिकेतली मुलं तर इस्राएलची नागरिक असतीलच असंही नाही. आणि इस्राएलमधल्या मुलामुलींना अठराव्या वर्षी सक्तीने लष्करात जावं लागतं, मुलग्यांना अडीच वर्षांहून जास्त, मुलींना दोन वर्षं. तू पुढे सायन्स घेऊ की कॉमर्स याच्या काळजीत आहेस. त्याच्यापुढे ते वर्ष उभं आहे. त्यामुळे युद्धाचं तू पहिल्या दिवशी काढू नकोस. त्याने आपणहून काढलं तर ऐक, आणि मग तुला काय वाटतं ते खोटं न बोलता सांग. तुझा मित्र आला तर त्यालाही बोलू दे.

मित्राला आणखी एक सांगण्यासारखं आहे. मुंबईत ज्यूंनी काढलेल्या भायखळा-माझगावच्या शाळांमध्ये आज बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम आहेत. त्यातली एक शाळा तर सिनेगॉगच्या आवारातच आहे. कोकणातही बेने इस्राएल आणि मुसलमान शेजारी शेजारी राहिले.

पाहुण्याला तू विचारशील ते साधं विचार. तुझी आजी कुठली? घरी मराठीतले कुठले शब्द अजून आहेत? तुमच्याकडे क्रिकेट कोण खेळतं? (खेळतात, भारतीय ज्यूंनीच तिथे ते रुजवायला हातभार लावला.) मग तुझं सांग. हे आदानप्रदान आहे, तू नुसता प्रश्न विचारणारा नाहीस. त्याला भैय्या चौकात डॉ. कोटणीसांच्या स्मारकाला ने. आपल्या गावचा मुलगा १९३८ साली अठ्ठाविसाव्या वर्षी चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करायला गेला, तिथली भाषा शिकला, तिथेच लग्न केलं आणि १९४२ मध्ये तिथेच गेला. चिनी पाहुणे अजून त्यांच्यासाठी सोलापूरला येतात. आणि १२ जानेवारीला तो इथे असेल तर चार हुतात्म्यांच्या पुतळ्यापाशी घेऊन जा. १९३१ मध्ये मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना एकाच दिवशी फाशी दिलं. हे चौघे कोण होते ते तुझ्या मित्राने सांगितलं तर फार चांगलं होईल.

मी रेल्वेतून निवृत्त झालो. त्या मुलीचे पणजोबा इथे होते म्हणता, तर शोधायला मी मदत करू शकतो का?
– रेल्वे लाइन्स परिसर

करा, साहेब, तुमच्यासारखं दुसरं कोण करणार? पुण्याकडून रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला आली, तेव्हापासून नेमणुकीवर किती माणसं आली आणि गेली याची गणती नाही. म्हणून शोधताना त्या मुलीकडून आधी नीट माहिती घ्या: पणजोबांचं पूर्ण नाव, त्यांच्या गावावरचं आडनाव आणि हुद्दा. कागदांवर नाव अनेकदा इंग्रजी वळणाचं, घरात मराठी वळणाचं असायचं. सॅम्युएल आणि सामाजी एकच माणूस असू शकतो. घरच्या जुन्या फोटोच्या मागे काही लिहिलेलं असेल तर त्याची प्रत मागवा. मग जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं पाहा, कारण माणूस बदलीवर आला की मुलं इथल्या शाळेत घालत. तुमच्या वयाच्या मंडळींना एकत्र बसवून विचारा. काही सापडलं नाही तरी जुन्या क्वार्टर्सच्या ओळीतून त्या मुलीला चालवत न्या, कुठली घरं कुठल्या हुद्द्याला मिळत ते सांगा. रात्रपाळी, डबा, बदलीचे हुकूम, हे पणजोबांचं आयुष्य तुम्ही तिला दाखवू शकता. कुठे थडगं सापडलंच तर फुलांचा हार नेऊ नका, ते थडग्यावर छोटा दगड ठेवतात.

परदेशी मुलं घरी ठेवायची तर पोलिसांना कळवावं लागतं का? आणि भेट काय द्यावी?
– होटगी रोड

कळवावं लागतं. परदेशी नागरिक मुक्कामाला आला की चोवीस तासांत त्याची नोंद परदेशी नागरिक नोंदणी विभागाकडे करायची असते. लोक त्याला फॉर्म सी म्हणून ओळखतात, आणि ती आता ऑनलाइन होते. शाळेकडून सगळ्यांची एकदम व्यवस्था होईल का ते विचारा, पण होईल असं धरून बसू नका. पासपोर्ट-व्हिसाची प्रत आधीच मागवून ठेवा. मुलांचे फोटो त्यांच्या आईवडिलांच्या परवानगीशिवाय फेसबुक-इन्स्टावर टाकू नका, आणि ती सोलापुरात असेपर्यंत "आमच्या घरी आज इस्राएलचे पाहुणे" हे स्टेटस तर अजिबात ठेवू नका. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवरच्या हल्ल्यात नरिमन हाउस या ज्यू केंद्रात काय झालं ते त्यांच्या घरचे विसरलेले नाहीत. मूल तुमच्या हवाली करताना त्यांच्या मनात तेच असतं.

भेटीला सोलापुरी चादर अप्रतिम, पण दुहेरी चादर बॅगेत मावत नाही आणि विमानात वजनाचे पैसे पडतात. एकेरी द्या, किंवा हातरुमाल आणि टॉवेल. विकत घेण्याआधी मुलांना पूर्वभागात मागावर नेऊन त्यांची त्यांना नक्षी निवडू द्या. नक्षीत स्वस्तिक नाही ना, तेवढं बघा. शेंगाचटणीची पुडी बंद पाकिटातली, घटक छापलेली घ्या, म्हणजे विमानतळावर कुणी अडवणार नाही आणि घरी गेल्यावर त्यांच्या आईला वाचून खाता येईल. कडक भाकरीही द्या, आठवडाभर टिकते. वाटेत मोडणार नाही अशा डब्यात द्या.